कौलांचा हिशेब

नगर जिल्ह्यात नेवासे तालुक्याच्या अंगाला दोन वस्त्या होत्या, एक वरची आणि एक खालची. नकाशावर त्या शोधू नयेत, गोष्टीपुरत्याच त्या आहेत. पण तशा वस्त्या त्या मुलखात खरोखरच पुष्कळ. गावापासून जरा लांब पंधरावीस घरं, मध्ये एक लिंब, लिंबाजवळ कधीकाळची मिशनची शाळा. आठवडाभर त्या शाळेत पोरांकडून बाराखडी घोकून घेणारा मास्तरच रविवारी उपदेश करायचा. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली अहमदनगरला ठाणं मांडलं आणि पुढच्या शंभर वर्षांत आसपासच्या तालुक्यांत अशा मंडळ्या गावोगाव उभ्या राहिल्या. त्यांतली बहुतेक कुटुंबं महार समाजातली, काही मांग समाजातली. गावच्या शाळेत ज्यांच्या पोरांना उंबऱ्याबाहेर बसवलं जाई, त्यांच्या हातात मिशनने पाटी-पेन्सिल दिली. त्या उपकाराची जाण न ठेवता पुढची गोष्ट सांगणं अन्यायाचं होईल, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मात्र पाटीबरोबर आणखी एक सवय घरात आली. मास्तराचा पगार मिशनचा, शाळेचे वासे मिशनचे, दिवाबत्तीचं तेल मिशनचं. मंडळीने फक्त येऊन बसायचं. तीन पिढ्या असंच चाललं. मग साहेब लोक एकेक करून मायदेशी परतले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, आणि खेड्यातल्या ख्रिस्ती माणसाला पहिल्यांदाच प्रश्न पडला, की आता दिव्यात तेल कोण घालणार?

त्याच सुमारास दोन वस्त्यांना दोन पाळक मिळाले. खालच्या वस्तीला थोरले, पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे, धोतर-कोट-टोपी अशा जुन्या वेषातले. वरच्या वस्तीला धाकटे, सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलेले. धाकट्यांच्या गळ्यात सूर होता, पेटी उत्तम वाजवायचे, आणि माणसांवर त्यांचा जीव होता. कुणाचं पोर तापाने फणफणलं तर रात्री सायकलवर घालून दवाखान्यात नेतील असा माणूस. थोरल्यांना ते दादा म्हणायचे, थोरले त्यांना अरे-तुरे करायचे.

थोरले खालच्या वस्तीत पहिल्यांदा आले, त्या रविवारी उपासना संपल्यावर पंचांपैकी एकाने विचारलं, “पाळकसाहेब, देऊळ कधी बांधायचं?”

“तुम्ही ठरवाल तेव्हा.”

“आन् पैसं?”

“किती आहेत?”

“पैसं कुठलं आमच्याकडं!”

“मग ही ओसरी काय वाईट आहे?”

लोकांना हे आवडलं नाही. पाळक आला म्हणजे काहीतरी घेऊन येणार, अशी त्यांची वहिवाट. थोरल्यांनी आणलं होतं ते एवढंच: एक बायबल, एक गीतांचं पुस्तक आणि टाळ. वरती एक नियम घातला. रविवारी जी गोष्ट ऐकली, ती पुढच्या रविवारच्या आत दुसऱ्या एका घरात जाऊन सांगायची. येत नसेल तर पुन्हा येऊन विचारायची, पण सांगायची. हरवलेल्या मेंढराची गोष्ट पहिल्या आठवड्यात पंधरा घरांत पंधरा तऱ्हांनी सांगितली गेली. एका म्हातारीने ती जात्यावरच्या ओव्यांत घातली. एक गडी सांगताना मध्येच अडला, तर ऐकणाऱ्या मेंढपाळानेच त्याला मेंढरू कसं शोधतात ते सांगितलं. थोरले रविवारी ओसरीच्या कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकत, चुकलं असेल तेवढंच दुरुस्त करत. पगारी उपदेशक ठेवायचा त्यांनी विषयच काढला नाही. रोजगारावर जाणारा रोजगारावर जाऊ दे, गवंडी गवंडीकाम करू दे, आपापल्या धंद्यात राहूनच शिकायचं आणि शिकवायचं, असं त्यांचं म्हणणं. पौल तंबू शिवून पोट भरत असे, ही गोष्ट त्यांनी एकदा सांगितली, त्यावर वस्तीतला चांभारकाम करणारा पुढचे कित्येक दिवस ताठ मानेने चालत होता.

एकदा त्यांनी मिझो डोंगरांतली हकिकत सांगितली. तिथल्या ख्रिस्ती बायका रोज भात शिजत घालण्याआधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि तो मंडळीला देतात. 1910च्या सुमारास ही रीत सुरू झाली, आणि हातात पैसा नसलेल्या बायकांनी मंडळीच्या खर्चाचा मोठा वाटा उचलला. हकिकत सांगून थोरले गप्प बसले. पुढच्या रविवारी एका मावशीने डालड्याचा रिकामा डबा आणला. पिवळा डबा, त्यावरचं नारळाचं झाड अर्धं खरवडलेलं. झाकणाला तिने विळ्याच्या टोकाने भोक पाडलं होतं, मूठ वळवून दाणे आत जातील एवढंच. “बाजरी चालंल ना?” तिने विचारलं. आठवडाभर डबा घरोघर फिरला. रविवारी ओसरीवर ओतला तेव्हा बाजरी, ज्वारी, चार दाणे मटकीचे आणि एका पोराने टाकलेला काचेचा मणी असं सगळं निघालं. बायकांनी ते सुपात घेऊन पाखडलं, निवडलं आणि मापाने मोजलं. दोन पायल्यांना थोडं कमी भरलं. वस्तीच्या इतिहासात मंडळीने स्वतःच्या घरातून काढून दिलेलं ते पहिलं दान असावं.

1972चा पावसाळा कोरडा गेला, त्याआधीचीही वर्षं ओढीचीच होती. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला त्यांना काही सांगायला नको. विहिरींनी तळ दाखवला, जनावरं चारा छावणीत किंवा बाजारात गेली, आणि माणसं खडी फोडायला. 1973च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. दोन्ही वस्त्यांतली धडधाकट माणसं पाझर तलावाच्या मातीवर होती. घरात लाल मिलो शिजायचा आणि पोरांना सुकडी मिळायची.

धाकट्या पाळकांनी त्या दिवसांत जे केलं ते खरोखरच मोठं होतं. परदेशातल्या एका मंडळीशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्यांनी पत्रं लिहिली, रात्र रात्र जागून लिहिली, आणि मदत आली. धान्य आलं, कापड आलं, पैसे आले. वरच्या वस्तीत एकही चूल विझली नाही. आणि मग धाकट्यांना सुचलं, की नुसतं वाटण्यापेक्षा काम द्यावं, म्हणजे माणसाची मान खाली जात नाही. म्हणून त्यांनी देऊळ बांधायला काढलं. घडीव दगडाच्या भिंती, सागवानी खिडक्या, वर मंगलोरी कौलं.

त्या कौलांचीही एक कथा आहे. बाझेल मिशनने 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. ख्रिस्ती झाल्यावर ज्यांचा जुना रोजगार सुटला होता, त्यांच्या हाताला काम मिळावं हा हेतू. कौलं इतकी चांगली निघाली की पश्चिम किनाऱ्यावरून देशभर गेली. पण पहिल्या महायुद्धात ते कारखाने शत्रूची मालमत्ता म्हणून इंग्रज सरकारच्या हाती गेले, आणि ज्यांची नोकरी, घर आणि मंडळी तिन्ही एकाच फाटकाच्या आत होती, त्यांच्या पायाखालची जमीन एका हुकुमाने हलली. हेतू चांगला होता यात तिळमात्र शंका नाही. वरच्या वस्तीचे वासे त्या कौलांखाली चढत होते तेव्हा ही कथा कुणाला ठाऊक नव्हती.

देऊळ आठ महिन्यांत पुरं झालं. आजूबाजूच्या वाड्यांवरून माणसं येऊ लागली, बाप्तिस्म्यासाठी नावं दिली जाऊ लागली. भुकेला माणूस धान्याच्या वाटेने आला तर त्यात त्याची काही चूक नाही. धाकट्यांनी दोन उपदेशक पगारावर ठेवले, एक राखणदार ठेवला. देवळाची किल्ली त्यांनी स्वतःजवळ ठेवली, कारण आत पेटी होती, सतरंज्या होत्या, धान्याची पोती होती.

बरेच पैसे शिल्लक राहिले तेव्हा धाकटे सायकल काढून खालच्या वस्तीत आले. थोरले लिंबाखाली बसून पोरांना शिकवत होते.

“दादा, निम्मे पैसे तुमच्या वस्तीला देतो. तुमची माणसं अजून ओसरीत बसतात, बरं दिसत नाही.”

“धान्य आहे का?”

“आहे.”

“मग धान्य दे. मंडळीतल्यांनाच नको, सगळ्या वस्तीला दे, पलीकडच्या तांड्यालाही दे. मी गाडी पाठवतो. पैसे मात्र राहू दे.”

धाकट्यांना राग आला. “तुम्ही एका हाताने घेता आणि दुसऱ्या हाताने नाकारता. पोट रिकामं असताना माणसाला स्वावलंबन शिकवायचं?”

“भुकेल्याला खायला घालताना हात आखडू नये. त्याचं देऊळ मात्र त्याच्यासाठी आपण बांधू नये,” थोरले म्हणाले. मग त्यांनी धाकट्यांना बसवून घेतलं. त्या दिवशी ते बोलले तेवढं एरवी महिन्याभरात बोलत नसत.

त्यांनी सांगितली ती जॉन नेव्हियस नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याची हकिकत. हा माणूस 1854 साली चीनमध्ये गेला आणि पुढे शांतुंग प्रांतात राहिला. त्या काळची रीत अशी की कुणी ख्रिस्ती झाला आणि जरा बोलका निघाला, की त्याला पगार देऊन उपदेशक करायचं. नेव्हियसने पाहिलं, की असा माणूस शेजाऱ्यांच्या नजरेत परक्याचा नोकर ठरतो, ज्याला पगार मिळाला नाही तो रुसतो, आणि दोघांच्याही तोंडून निघणाऱ्या साक्षीची किंमत जाते. 1885 साली त्याने या विषयावर लेख लिहिले, पुढे त्यांचंच पुस्तक झालं. त्याचं म्हणणं सोपं होतं. ख्रिस्ती झालेल्याने आपल्या गावात, आपल्या धंद्यात राहावं आणि तिथेच साक्ष द्यावी. मंडळीला जेवढं पेलेल तेवढाच कारभार वाढवावा. पूर्णवेळ माणूस मंडळीनेच निवडावा आणि मंडळीनेच पोसावा. देऊळ मंडळीच्या पैशातून, त्या गावच्या घरांसारखं असावं. आणि या सगळ्याच्या मुळाशी शिकवण: वर्षातून ठरावीक दिवस सगळ्यांना एकत्र बसवून शास्त्र शिकवायचं, आणि शिकलेल्याने घरी जाऊन दुसऱ्याला शिकवायचं.

“हाच माणूस 1877च्या दुष्काळात शांतुंगमध्ये गावोगाव फिरून मदत वाटत होता,” थोरले म्हणाले. “पगारी उपदेशकाच्या विरोधात लिहिणारा. त्याला भूक कळत नव्हती असं म्हणशील?”

धाकटे काही बोलले नाहीत.

नेव्हियसला फळबागेचा मोठा नाद. शांतुंगमधल्या चीफूला त्याने अमेरिकेतून सफरचंद, नासपती, द्राक्षं यांची कलमं आणली आणि आपल्या बागेत लावली. पण फळं वाटण्यावर तो थांबला नाही, आसपासच्या शेतकऱ्यांना कलमं दिली, आणि त्या किनाऱ्यावर त्यांच्याच शेतांत बागा झाल्या. थोरल्यांना या गोष्टीचं फार कौतुक.

1890च्या जूनमध्ये कोरियात नव्याने आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी त्याला सोलला बोलावलं. तो तिथे दोन आठवडे राहिला, बोलला आणि परत गेला. तीन वर्षांनी वारला. तरुणांनी मात्र त्याची पद्धत उचलून धरली. शांतुंगमध्ये ती तितकी फळली नाही, त्याच्याच सहकाऱ्यांनी तिच्यावर टीकाही केली, हेही थोरल्यांनी लपवलं नाही. कोरियात जमीन आधीच नांगरलेली होती. सो सांग-रयुन नावाचा जिनसेंगचा व्यापारी मांचुरियात आजारी पडला, स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शुश्रूषेने वाचला, ख्रिस्ती झाला. जॉन रॉस आणि कोरियन सोबत्यांनी भाषांतर केलेलं शुभवर्तमान 1882 साली छापलं गेलं होतं. ती पुस्तकं घेऊन तो देशात परतला. त्या वेळी असं पुस्तक बाळगणं जिवावरचं काम होतं. सोरे नावाच्या खेड्यात तो आणि त्याचा धाकटा भाऊ यांच्याभोवती माणसं जमली. अंडरवूड आणि अॅपेनझेलर 1885 साली कोरियात उतरले, तेव्हा ही मंडळी आपल्या पायांवर चालत होती. बाप्तिस्मा देणारं कुणी नव्हतं म्हणून सोरेची माणसं स्वतः सोलला चालत गेली. 1895 साली त्यांनी देऊळ बांधलं ते स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या हातांनी.

“आणि पुढे?” धाकट्यांनी विचारलं. त्यांचा राग निवला होता.

“पुढे गरीब कोरियन माणसं पैशाऐवजी दिवस दान करू लागली. वर्षातले इतके दिवस मी स्वतःच्या खर्चाने शेजारच्या गावांत जाऊन सांगेन, असं उपासनेत उभं राहून कबूल करायचं. 1907 साली पहिल्या सात कोरियन पाळकांना दीक्षा मिळाली, आणि त्यांतला एक त्यांनी लगेच जेजू बेटावर मिशनरी म्हणून पाठवला. घेणारी मंडळी एका पिढीत देणारी झाली.”

“ते कोरिया. आपल्याकडे असं कधी झालंय?”

थोरल्यांच्या वडिलांनी रेव्हरंड टिळकांना पाहिलं होतं, पण थोरल्यांनी सुरुवात त्याच्याही आधीपासून केली. 1854 साली बोस्टनहून मिशनच्या मुख्य कचेरीतला रूफस अँडरसन नगरला आला आणि त्याच वर्षी हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. मंडळीचा पाळक तिच्यातलाच असावा हा अँडरसनचा आग्रह होता. म्हणजे नेव्हियसच्या लेखांच्या तीस वर्षं आधी नगरच्या मातीत हे बोलणं झालेलं होतं. पण पगाराची दोरी तुटली नाही. ती तोडली नारायण वामन टिळकांनी, 1917 साली. मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्याला देवाचा दरबार मांडला, आणि ख्रिस्ताची भक्ती अभंग-कीर्तनाच्या वाटेने लोकांपर्यंत न्यायला निघाले. दोनच वर्षांत, 1919च्या मे महिन्यात ते गेले. “काम अर्धं राहिलं,” थोरले म्हणाले, “म्हणून ते चुकलं असं होत नाही.”

धाकटे उठले. धान्याची गाडी दुसऱ्या दिवशी आली. पैसे वरच्या वस्तीच्या देवळाला कंपाउंड घालण्यात खर्च झाले.

त्या दुष्काळात खालच्या वस्तीतला डालड्याचा डबा बंद करावा असं थोरल्यांनी स्वतःहून सुचवलं होतं. घरात मिलोचे दाणे मोजून शिजत असताना मूठ काढायची कशी? बायकांनी ऐकलं नाही. पौलाने येरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः हलाखीत होत्या आणि तरी त्यांनीच पुढे होऊन दिलं, हे त्यांना थोरल्यांनीच शिकवलं होतं; ते त्यांनी त्यांच्यावरच उलटवलं. डबा चालू राहिला. त्यातला मिलो दर रविवारी पलीकडच्या तांड्यावरच्या एका विधवेच्या घरी जायचा. ती ख्रिस्ती नव्हती, पुढेही झाली नाही. तिच्या पोराला मात्र शिकवायला खालच्या वस्तीतला गवंडी रोज संध्याकाळी जायचा.

पाऊस परतला. दोन सुग्या गेल्यावर खालच्या वस्तीने आपलं देऊळ बांधलं. भेंड्याच्या भिंती, वर धाबं, म्हणजे त्यांच्या घरांसारखंच घर, जरा लांबट. माती खालच्या ओढ्यातली, लाकूड एकाच्या बांधावरच्या बाभळीचं. खिडक्या दोनच. डब्याच्या धान्याचे पैसे झाले होते ते दाराला गेले. दर वर्षी मृगाच्या आधी मंडळी धाब्यावर चढते, पांढरी माती पसरते, चोपते. पोरं खालून टोपल्या देतात. गळायचं तिथे गळतंच, आणि कुठे गळतं ते वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

वरच्या वस्तीचं काय झालं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. 1976 साली परदेशी देणग्यांवर कायदा आला आणि कागदपत्रं वाढली, पण मदत आटली ती त्यामुळे नव्हे. तिकडच्या मंडळीचा जुना पाळक निवृत्त झाला, नव्याला दुसऱ्या एका देशातलं काम जवळचं वाटलं. पाकिटं यायची थांबली. उपदेशकांचा पगार थांबला, तसे दोघेही साखर कारखान्यावर कामाला गेले. राखणदार तर आधीच गेला होता. वाड्यांवरची माणसं यायची कमी झाली. धाकटे एकटेच पेटी वाजवून गीत म्हणायचे, आणि त्यांच्या आवाजात पूर्वीइतकाच गोडवा होता.

एका वैशाखात वळवाच्या वादळात देवळाची कौलं उडाली. धाकटे तेव्हा नगरला बैठकीसाठी गेले होते. तिथे त्यांना वस्तीवरून पोस्टकार्ड आलं: देवळाची कौलं उडाली आहेत, पावसाच्या आत माणूस पाठवा. खाली पंचांचे अंगठे.

ते कार्ड त्यांनी दोनदा वाचलं. देवळापासून पन्नास पावलांवर राहणाऱ्या माणसांनी साठ-सत्तर किलोमीटरवर कार्ड धाडलं होतं.

नगरहून परतताना ते आधी खालच्या वस्तीत उतरले. थोरले आता थकले होते, उपासना गवंडीच चालवायचा. मंडळीने तांड्यापलीकडच्या वाडीवर नवी मंडळी धरली होती; तिथे कोण जाणार, कोणत्या रविवारी जाणार, याची पाळी भिंतीवर खडूने लिहिलेली होती. डालड्याचा डबा गंजून गेला होता, त्याच्या जागी स्टीलचा आला होता. धाकट्यांनी पंचांना विचारलं, “तुमचा गवंडी आणि चार माणसं द्याल का? कौलं लावून घेतो.”

पंच जरा घुटमळले. मग मावशीच बोलली. “देऊ की. पर तुमच्या मंडळीनं बोलवाय पायजे, पाळकसाहेब. तुमी एकल्यानं न्हाई.”

धाकट्यांनी थोरल्यांकडे पाहिलं. थोरले म्हणाले, “तिचं बरोबर आहे.”

शनिवारी संध्याकाळी धाकट्यांनी वरच्या वस्तीची सभा बोलावली. वर आभाळ दिसत होतं, सतरंजीवर कौलांचे तुकडे पडले होते. त्यांनी खिशातून किल्ली काढून मध्ये सतरंजीवर ठेवली.

“ही तुमची. कोण ठेवतंय?”

कुणी हात पुढे केला नाही. एक म्हातारा म्हणाला, “पाळकसाहेब, आमच्या हातनं काय चुकलं का?” दुसरा म्हणाला, “राखणदाराला पगार कोन देनार?” एकाने विचारलं, “तिकडनं पैसं येनारच न्हाईत का आता?” धाकट्यांनी तिन्ही प्रश्नांची उत्तरं दिली. चुकलं असेल ते माझं, तुमचं नाही. पगार कुणालाच नाही. पैसे येणार नाहीत, आणि आता मी लिहिणारही नाही. एवढं बोलून ते खाली बसले. बसलेल्यांपैकी दोघे उठून गेले, ते पुन्हा कधी आले नाहीत.

बराच वेळ गेला. बाहेर शेळ्या घरी परतत होत्या. मग मागे बसलेली एक बाई म्हणाली, “किती उडाली?”

“काय?”

“कौलं हो. किती उडाली? कुनी मोजली का?”

कुणीच मोजली नव्हती. एका पोराला भिंतीवर चढवलं. तो वरून मोजत गेला, खाली मास्तरच्या पोराने पाटीवर रेघा ओढल्या. सत्तेचाळीस फुटलेली, बारा सरकलेली पण शाबूत. सरकलेली तर आपणच बसवू, म्हाताऱ्याने सांगितलं, त्याला काय लागतं. फुटलेल्यांच्या जागी कौलं घ्यायची का पत्रा, यावर चांगलीच जुंपली. पत्रा स्वस्त पण उन्हाळ्यात भाजून काढतो, कौलं महाग पण थंड. बायकांनी कौलांची बाजू उचलून धरली, कारण उन्हाळ्यात पोरं मांडीवर घेऊन बसावं लागतं ते त्यांनाच. श्रीरामपूरच्या बाजारात भाव विचारून यायचं एकाने कबूल केलं. बैलगाडी एकाची ठरली, पण त्याचा एक बैल लंगडत होता, म्हणून दुसऱ्याने आपला बैल द्यायचा. खालच्या वस्तीच्या गवंड्याला निरोप धाडायचा आणि त्याच्या दुपारच्या भाकरीची सोय घरांनी पाळीपाळीने करायची. हे सगळं ठरेपर्यंत कंदील लावावा लागला, आणि तेल कुणाच्या घरचं यावर पुन्हा थोडी बाचाबाची झाली.

वहीत घरागणिक दोन रुपये लिहिणं सुरू झालं. सहा नावं लागल्यावर तीच बाई वळून म्हणाली, “पाळकसाहेब, तुमचंबी घर वस्तीतच हाय. तुमचे दोन धरले.”

धाकट्यांनी दोन रुपये काढून दिले. मास्तरच्या पोराने सातव्या ओळीवर त्यांचं नाव लिहिलं आणि आठवं नाव विचारलं.